जर्मन ए१: जोडीत ‘ओळख’ करून घेतेय, पण वर्ग कंटाळलाय

कृष्णाकाठ
सांगलीत छोट्या क्लासमध्ये जर्मन ए१, म्हणजे अगदी पहिली पातळी, शिकवते. बॅचमध्ये नर्सिंग केलेल्या मुली जास्त, थोडी इंजिनिअरिंगची मुलं आणि मुलाकडे म्युनिकला जाणाऱ्या एक काकू. ‘स्टार्ट डॉइच १’ या ए१च्या परीक्षेतल्या तोंडीचा पहिला भाग म्हणजे स्वतःची ओळख: नाव, वय, देश, राहण्याचं ठिकाण, भाषा, काम, छंद. मग एखादं नाव स्पेल करायचं, एखादा नंबर सांगायचा. म्हणून रोज जोड्या लावून ‘वी हाइस्ट डू? वो वोन्स्ट डू?’ (तुझं नाव काय? तू कुठे राहतोस?) करून घेते. सुरुवातीला मजा आली. आता सगळ्यांना सगळ्यांचं पाठ झालंय. समोरच्याकडे न बघता घडाघडा म्हणतात आणि मराठीत गप्पा सुरू. शिवाय मुलींना मुलांसमोर मोबाइल नंबर सांगायचा नसतो, आणि तसा आग्रह मलाही धरायचा नाही. काकूंना ‘डू’, म्हणजे ‘तू’, म्हणताना पोरं अडखळतात ते वेगळंच. काय करू?

डेक्कनचा मास्तर
ताई, उत्तर आधीच माहीत असलेला प्रश्न कोण मनापासून विचारेल? समोरच्याकडून काहीतरी काढून घ्यायची गरज निर्माण करा, वर्ग आपोआप जागा होईल.

मी आनमेल्डुंगचा, म्हणजे सरकारी कचेरीतल्या पत्ता-नोंदणीचा, प्रसंग घेतो. जर्मनीत घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्ता नोंदवावा लागतो, म्हणजे तुमच्या नर्स मुलींवर ही वेळ येणारच आहे. एकजण खिडकीतला कारकून, त्याच्याकडे कोरा फॉर्म. दुसऱ्याकडे माझं बनवलेलं कार्ड: गाव, जन्मगाव, पिनकोड ८०३३१ म्युनिक, फोन, नोकरी. कार्ड दाखवायचं नाही, फक्त बोलायचं. शेवटी फॉर्म आणि कार्ड शेजारी ठेवून चुका दोघांनी मिळून शोधायच्या. माहिती खोटी, त्यामुळे कुणाचा नंबर उघड होत नाही. आणि कारकुनाशी ‘झी’ (आदरार्थी ‘तुम्ही’) असंच बोलायचं असल्यामुळे काकूंचाही प्रश्न सुटतो. ‘डू’ समवयस्कांच्या जोडीत ठेवा.

आडनाव मात्र ज्याचं त्याचं खरंच ठेवा. ते आयुष्यभर स्पेल करायचंय. आपली पोरं इंग्रजी कानाने ऐकतात, तिथेच घोळ होतो. कुलकर्णी म्हणजे का, ऊ, एल, का, आ, एर, एन, ई. शेवटचं ‘ई’ म्हणजे जर्मनमधलं I, पण ते ऐकलं की लिहिणारा हमखास इंग्रजी E लिहितो आणि बाईंचं ‘कुलकर्ने’ होतं. जाधवांना ‘योट’ (J) आणि ‘फाउ’ (V) पक्कं हवं, वाघमाऱ्यांना ‘वे’ (W).

आकड्यांत आपल्याला थोडा आधार आहे. एकवीसमध्ये एक आधी येतो तसाच ‘आइनउंडत्स्वान्त्सिश’मध्येही. तरी लिहिताना घाईत २१ चे १२ होतात. फोन नंबर एकेक आकडा घेऊन सांगायला लावा. ‘त्स्वाय’ (दोन) आणि ‘द्राय’ (तीन) फोनवर सारखेच ऐकू येतात म्हणून जर्मन लोक दोनला ‘त्स्वो’ म्हणतात, तेही शिकवा.

श्टुटगार्टची सून
मी नवऱ्याकडे यायच्या व्हिसासाठी ए१ दिली होती. मास्तरांशी शंभर टक्के सहमत. इथे आनमेल्डुंगच्या खिडकीवर मला सगळ्यात आधी आडनावच स्पेल करायला लावलं.

एक कळकळीची विनंती. ‘बिस्ट डू फेरहायराटेट?’ (तुझं लग्न झालंय का?) हा प्रश्न खऱ्या आयुष्याबद्दल विचारायला लावू नका. आमच्या वर्गात एका मैत्रिणीचा नुकताच घटस्फोट झाला होता. जोडीदाराने मोठ्याने विचारलं, ती ‘नाइन’ (नाही) म्हणाली, आणि त्यापुढे तो तास ती गप्प बसून होती. ‘गेशीडेन’ (घटस्फोटित), ‘फेरविटवेट’ (जोडीदार वारलेला) हे शब्द यायला हवेत, पण ते कार्डावरच्या माणसाचे असू देत.

आणि जोड्या फिरवा. एकमेकांशी बोलून झालं की नवा जोडीदार घ्यायचा आणि त्याला आधीच्याबद्दल सांगायचं: ‘झी हाइस्ट..., झी वोन्ट इन...’ (तिचं नाव..., ती ...मध्ये राहते; इथे ‘झी’ म्हणजे ‘ती’). आपल्याला दुसऱ्याबद्दल सांगायचंय हे माहीत असलं की माणूस कान देऊन ऐकतो. क्रियापदाचा शेवटचा ‘ट’ माझ्या तोंडात बसला तो असाच.

घोकंपट्टीवाला
थोडं वेगळं मत. पाठांतराला एवढं हिणवू नका. परीक्षेत समोर मुद्द्यांचा कागद असतो, पण धडधडत्या छातीने पहिली दोन वाक्यं न अडखळता निघाली की पुढचं सुचतं. तासाच्या सुरुवातीला पाच मिनिटं घोकंपट्टी असू द्या, कार्डं त्यानंतर.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. कार्डं आजच लिहायला घेते. बॅच विषम आहे, एकजण उरतो. त्याला काय द्यावं?

डेक्कनचा मास्तर
त्याला कारकुनाच्या मागे उभं करा, हातात दुसरा कोरा फॉर्म. ऐकून तोही भरेल. दोन फॉर्म जुळले नाहीत तर पुन्हा विचारायचं: ‘नोखमाल, बिटं’ (पुन्हा एकदा, प्लीज). पुढच्या फेरीत जागा बदला. आणि कार्डं जाड पुठ्ठ्यावर करा, पाठीमागून अक्षरं दिसली की पोरं वाचून मोकळी होतात.