केंद्रकपटल ‘नाहीसं होतं’ हे वाक्य अकरावीतून काढावं का?

फोंड्याची टीचर
पेशीविभाजन आलं की फळ्यावर ठरलेलं वाक्य येतं: प्रोफेज (विभाजनाची पहिली अवस्था) संपताना न्यूक्लिअर मेंब्रेन, म्हणजे केंद्रकाभोवतीचं पटल, नाहीसं होतं, टेलोफेजला (शेवटच्या अवस्थेत) परत येतं. जातं कुठे, येतं कुठून, कुणी विचारत नाही. माझ्या मते हे वाक्य काढाच. पटलाला आतून लॅमिन प्रथिनांच्या जाळ्याचा आधार असतो. सीडीके१ हे एन्झाइम लॅमिनला फॉस्फेट जोडतं आणि जाळं सुटं होतं. पटलातल्या छिद्रांची प्रथिनं विखुरतात, पटल आंतर्द्रव्यजालिकेत (पेशीतल्या पडद्यांच्या जाळ्यात) मिसळतं. शेवटी फॉस्फेट निघाले की हेच सामान पुन्हा गुणसूत्रांभोवती जमतं. लॅमिनचं हे सुटणं-जुळणं गेरेस आणि ब्लोबेल या पेशीशास्त्रज्ञांनी १९८० मध्येच दाखवलंय. चवथ (गणेश चतुर्थी) झाल्यावर माटोळी (गणपतीवर बांधलेली फळाफुलांची आरास) सोडून चौकट माळ्यावर टाकतो, तेव्हा ती नाहीशी झाली म्हणतो का आपण?

म्हापशेकर
टीचर, उपमा गंडली. माळ्यावरची चौकट चौकटच राहते. इथे जालिकेत गेल्यावर पटल कुठलं नि जालिका कुठली, हे वेगळं काढता येत नाही. मग ‘नाहीसं’ म्हटल्याने काय बिघडलं? पोरांना अवस्थांची नावं पाठ होता होत नाहीत, त्यात सीडीके१ कशाला?

फोंड्याची टीचर
सीडीके१ नका सांगू. ‘सुटं होऊन जालिकेत मिसळतं’ एवढं सांगा. चार शब्द जास्त.

सान्नांवाला
तुम्ही दोघं ज्यावर भांडताय ते सगळ्या सजीवांत घडतच नाही. सुरातल्या (माडाच्या ताडीतल्या) ज्या यीस्टमुळे आपल्या सान्नां (इडलीसारखा तांदळाचा पदार्थ) फुगतात, तिचं पटल विभाजनात अखंड राहतं. तर्कू (गुणसूत्रं ओढणारे धागे) आतच तयार होतो, केंद्रक लांबतं, मधे आवळून दोन होतात. अ‍ॅस्परजिलस बुरशी आणखी वेगळी: पटल शाबूत, पण छिद्रांची काही प्रथिनं सुटतात. तेव्हा कुठलंही वाक्य ठेवा, त्यात ‘प्राण्यांत आणि वनस्पतींत’ हवंच.

डिचोलीचा लॅबवाला
प्रॅक्टिकलचं कुणी बोलेना. कांद्याच्या मुळाचं टोक घ्यायचं, आम्लात मऊ करायचं, अ‍ॅसिटोकार्मिन हा लाल रंग घालून कव्हरस्लिपवर अंगठा दाबायचा. लाल दिसतात ती गुणसूत्रं. केंद्रकाची गोल कड दिसते तीसुद्धा रंगलेल्या क्रोमॅटिनची (गुणसूत्रांच्या द्रव्याची). पटल त्या रंगाने रंगत नाही. त्याचे दोन पडदे बघायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकच लागतो. न दिसणारी वस्तू नाहीशी झाली असं मुलं जर्नलात लिहितात, आणि आम्ही खाली सही ठोकतो.
दुसरं म्हणजे, टीचर, प्राण्यांतलं लॅमिन कांद्यात नसतंच. वनस्पतींत ते काम वेगळी प्रथिनं करतात. स्लाइड कांद्याची, खुलासा प्राण्याचा, हे कसं चालतं?

फोंड्याची टीचर
लॅमिनचा मुद्दा बरोबर, ते प्राण्यांपुरतंच सांगायला हवं. पण पटल जालिकेत जाणं वनस्पतींतही आहे, म्हणून माझं वाक्य कांद्यालाही चालतं.

म्हापशेकर
चालू दे. पेपरात कुणी ‘जालिकेत मिसळतं’ लिहिलं तर मार्क देणार कोण?

फोंड्याची टीचर
माझ्या वर्गात मी देते. बोर्डाचे पेपर तपासायला तुम्ही जाता ना दरवर्षी? तुम्हीच सांगा.