'लिंक्ड टेबल'ला काय म्हणायचं: दुवा की जोडणी?

प्रश्न
शाहूपुरीत गुळाच्या अडत दुकानाचं काम करतोय. सौद्याच्या नोंदी अ‍ॅक्सेसमध्ये (मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस प्रोग्राम), त्यावरच एएसपी या मायक्रोसॉफ्टच्या वेब-तंत्रातली जुनी साइट चालते. दुकानातल्या पोरांसाठी मराठीत सूचना लिहायच्या आहेत. 'लिंक्ड टेबल'ला, म्हणजे दुसऱ्या फाइलीतला तक्ता या फाइलीत दिसतो त्याला, 'जोडणी' लिहू की 'दुवा'?

प्रतिसाद
'दुवा'च लिहा दादा. 'जोडणी' दुसऱ्या कामासाठी लागणार आहे.

साइट ज्या ओळीनं अ‍ॅक्सेसची फाइल उघडते ती कनेक्शन स्ट्रिंग. तिला 'जोडणी' म्हणा. तिच्यात सर्व्हर-मॅपपाथ (साइटच्या फोल्डरावरून फाइलीचा पूर्ण पत्ता काढणारी एएसपीची सोय) वापरला असेल तर साइट कुठंही हलवा, फाइल सापडते. दुव्याचं तसं नाही. लिंक केलेल्या तक्त्यात नोंदी नसतातच. मूळ फाइलीचा पूर्ण पत्ता असतो, ड्राइव्हच्या अक्षरासकट. तुमच्याकडं ती डी ड्राइव्हच्या 'गूळ' फोल्डरात असेल, तर सर्व्हरवरही तोच पत्ता शोधला जातो. 'माझ्या शेजारची फाइल' असा सापेक्ष पत्ता अ‍ॅक्सेस ठेवत नाही. म्हणून जोडणी धडधाकट आणि दुवा तुटलेला, असं होतं. दोन्हींना एकच शब्द दिला तर पोरं चुकीच्या जागी शोधत बसतील.

तुटलेला दुवा निदान एरर तरी देतो. खरी भीती चालू दुव्याची. घरच्या फाइलीतला दुवा मुख्य सर्व्हरच्या फाइलीकडं राहिला, तर चाचणीचे रवे (गुळाच्या ढेपा) खऱ्या सौद्यात चढतात आणि कुणाला पत्ता लागत नाही.

प्रतिसाद
'जोडणी' नको, याला माझंही अनुमोदन. आपल्या कोल्हापुरात निवडणुका आल्या की 'जोडण्या' सुरू होतात. 'जोडणी लावली' म्हटलं की काम फत्ते झालं असंच ऐकणारा समजतो. वीजजोडणी, नळजोडणी यातही पलीकडून काहीतरी येतं हे गृहीतच असतं. दुव्यात तशी हमी नाही, तेच बरं. आशीर्वादाचा 'दुवा' आड येणार नाही, तो देतात, हा लावतात.

प्रतिसाद
एक भर घालतो. झेड ड्राइव्हसारखं मॅप केलेलं अक्षर दुव्यात ठेवू नका. ते लॉगिन केलेल्या माणसापुरतं असतं, आयआयएस (साइट चालवणारा मायक्रोसॉफ्टचा सर्व्हर प्रोग्राम) वेगळ्या खात्यावर चालतं, त्याला ते दिसत नाही. दोन उलट्या तिरक्या रेघांनी सुरू होणारा नेटवर्कचा पूर्ण पत्ता द्या. त्या खात्याला फोल्डरात लिहायची परवानगीही हवी, नाहीतर लॉक फाइल (मूळ फाइल कोण वापरतंय याची नोंद ठेवणारी) तयार होत नाही.

आणि 'इम्पोर्ट'ला 'आयात' लिहा. त्यात नोंदींची नक्कल येते, मूळ फाइलीशी संबंध संपतो.

प्रश्नकर्ता
मंडळी, आभार. सूचनेत असं लिहितो: 'फाइल सर्व्हरवर चढवली की लिंक्ड टेबल मॅनेजर उघडून सगळे दुवे नव्याने लावा. प्रत्येक दुव्यापुढचा पत्ता वाचा. तो सर्व्हरचाच आहे याची खात्री झाल्याशिवाय सौदा नोंदवू नका.'