समिती म्हणतेय, सरांचा राजीनामा घेऊन विषय मिटवू. काय करू?

बीमवरची आई
मुलगी १२ वर्षांची, जिम्नॅस्टिक्स करते. मी क्लबच्या समितीवर आहे. मागच्या आठवड्यात तिच्याच गटातल्या एका मुलीच्या आईने लेखी तक्रार दिली. सराव संपल्यावर सर तिला एकटीला थांबवतात, 'स्ट्रेचिंग करून देतो' म्हणत नको तिथे हात लावतात, रात्री मेसेज करतात. अध्यक्ष म्हणाले, "मुलीचंच नाव खराब होईल. सरांना राजीनामा द्यायला सांगू." सातपैकी पाच जणांनी माना डोलावल्या. पाचांत मीही होते, खोटं कशाला बोलू. इतिवृत्तात 'वैयक्तिक कारणास्तव' एवढंच लिहिलंय. तेव्हापासून झोप नाही.

जुना पंच
राजीनाम्याने तो तुमच्या दारातून बाहेर पडेल आणि पुढच्या क्लबच्या दारातून आत शिरेल, वर तुमचंच शिफारसपत्र घेऊन.
अमेरिकन जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर लॅरी नासर, त्याचं प्रकरण बघा. जून २०१५ मध्ये अमेरिकन जिम्नॅस्टिक्स संघटनेकडे तक्रार आली. त्यांनी पाच आठवडे घरच्या घरी चौकशी केली, मग एफबीआयला, म्हणजे तिथल्या केंद्रीय तपास संस्थेला, कळवलं. संघटनेने त्याला गुपचूप बाजूला केलं, पण तो ज्या मिशिगन स्टेट विद्यापीठात रुग्ण तपासायचा, तिथे कळवलंच नाही. एफबीआयनेही ढिलाई केली. तो ऑगस्ट २०१६ पर्यंत तिथे मुली तपासत राहिला. २०२१ च्या सरकारी अहवालात दिवाणी दाव्यांच्या आधारे दिलंय, की त्या मधल्या काळात ७० किंवा त्याहून जास्त खेळाडूंवर अत्याचार झाले. हे सगळं तक्रार हातात असताना.

साधा_पालक
आणि तक्रार खोटी निघाली तर? माणूस आयुष्यातून उठतो.

जुना पंच
खरंखोटं ठरवायला समिती म्हणजे कोर्ट आहे का? चौकशी होईपर्यंत मुलांपासून लांब ठेवणं ही शिक्षा नव्हे. आणि कृपा करून त्या मुलीला समितीसमोर बसवून 'नक्की काय झालं' विचारू नका. तिने ते एकदाच सांगावं, ज्याला विचारायचं कसं ते कळतं त्याला.

लेन चार
मी पोहायचे. आमच्या सरांनाही असंच पाठवलं. निरोपाला पुष्पगुच्छ द्यायला मलाच उभं केलं, कारण मी 'त्यांची लाडकी'. फुलांभोवतीचा प्लॅस्टिकचा कागद हातात चुरचुरत होता, तो आवाज अजून ऐकू येतो. समितीतल्या दोघांना माहीत होतं, हे मला खूप नंतर कळलं. २०१६ मध्ये इंग्लंडमधला माजी फुटबॉलपटू अँडी वुडवर्ड लहानपणी प्रशिक्षकाने केलेल्या अत्याचाराबद्दल नाव-चेहऱ्यासकट बोलला आणि मग एकामागून एक खेळाडू पुढे आले. ते वाचून मी पहिल्यांदा घरी सांगितलं. तोवर सर अजून दोन तलावांवर शिकवून झाले होते.
ताई, त्या मुलीला फुलं द्यायला लावू नका.

बीमवरची आई
निरोपसमारंभ रविवारी ठरलाय. हे मी वर लिहिलंच नव्हतं.
आज त्या मुलीच्या आईबरोबर पोलीस ठाण्यात जाऊन आले. तक्रारीची प्रत आणि मेसेजचे स्क्रीनशॉट दिले. इतिवृत्तावर माझी असहमती नोंदवा, असं सचिवांना लेखी कळवलंय. तेव्हापासून त्यांचे सहा फोन येऊन गेले. उचललेले नाहीत.