वाळवलेल्या वनस्पतींपासून केलेली छोटी झाडे पावसाळ्यात चिकट होतात, उपाय काय?

प्रश्न : कळवेकर

नमस्कार. मी १:८७ या प्रमाणात रेल्वेचा एक देखावा तयार करीत आहे. विषय ठाण्याजवळच्या पारसिक बोगद्याचे कळव्याकडील तोंड आणि त्यावरची टेकडी हा असून काळ श्रावणातला धरला आहे, त्यामुळे सगळे काही झाडांवरच अवलंबून आहे. परदेशातील रेल्वे मॉडेलवाले ‘सी-फोम’ या नावाने जी वाळलेली वनस्पती वापरतात, तिचे एक खोके मी मागवले होते. फांद्यांची जाळी अप्रतिम आहे, परंतु हात लागताच ती तुटते. ती लवचीक व्हावी म्हणून ग्लिसरीन आणि पाण्याच्या मिश्रणात बुडवून वाळवली व त्यावर अ‍ॅक्रिलिक रंग दिला. मे महिन्यापर्यंत सारे ठीक होते. पाऊस सुरू होताच फांद्या चिकट झाल्या आणि रंगाचे पापुद्रे सुटू लागले. हवेच्या दमटपणापुढे ग्लिसरीनची पद्धत टिकतच नाही का? तसेच आपल्याकडे सहज मिळणारी, पण इतक्याच बारीक फांद्यांची एखादी वनस्पती आहे का? मला मुख्यतः वर्षावृक्ष (रेन ट्री) आणि साग ही झाडे करावयाची आहेत.

प्रतिसाद : नेरूळचा मॉडेलवाला

पद्धत टिकते, परंतु ती ताज्या वनस्पतीसाठी आहे. नुकत्याच कापलेल्या फांदीचा देठ एक भाग ग्लिसरीन आणि दोन भाग गरम पाणी अशा मिश्रणात उभा ठेवला, की फांदी पाण्याबरोबर ग्लिसरीनही वर ओढून घेते. पुढे पाणी उडून जाते, ग्लिसरीन मात्र पेशींमध्ये राहते आणि त्यामुळे फांदी मऊ राहते. यास फांदीच्या जाडीनुसार काही दिवसांपासून दोन-तीन आठवड्यांपर्यंत वेळ लागतो. सी-फोम आपल्या हाती येते तेव्हा ते आधीच वाळलेले असते, त्याची ओढून घेण्याची शक्ती संपलेली असते, म्हणून बरेचसे ग्लिसरीन पृष्ठभागावरच राहते. ग्लिसरीन हवेतील ओलावा शोषते. जुलैत ठाण्याच्या हवेत त्याला ओलाव्याची काय कमतरता? रंगाखाली ओलसर थर तयार झाल्यावर रंग सुटणारच.

आता त्या फांद्या कोमट पाण्यातून हलक्या हाताने खळबळून काढाव्यात, देठाला कपड्यांचा चिमटा लावून उलट्या टांगाव्यात आणि पूर्ण वाळल्यावर पातळ केलेल्या मॅट अ‍ॅक्रिलिक मीडियममध्ये (अ‍ॅक्रिलिक रंगात मिसळतात ते रंगहीन, चमक नसलेले द्रव) बुडवून पुन्हा तशाच टांगाव्यात. चिमट्याच्या वजनाने वाकड्या काड्या सरळ होतात आणि मीडियम काडीभोवती पातळ, किंचित लवचीक वेष्टण तयार करते. त्यावर मोटारीच्या रंगकामात वापरतात तो राखाडी प्रायमर स्प्रेने मारावा. हे काम उघडीप असलेल्या दिवशीच करावे.

प्रतिसाद : कोपरी_कट्टा

स्थानिक वनस्पतींबद्दल लिहितो. ठाण्यात जांभळी नाक्याच्या फूलबाजारात पुष्पगुच्छांसाठी जिप्सोफिला ही बारीक पांढऱ्या फुलांची वनस्पती मिळते. तिच्या ताज्या जुड्या वरील पद्धतीने ग्लिसरीनमध्ये उत्तम तयार होतात. फुले खुडून टाकली की राहणारी जाळी सी-फोमच्या बरीच जवळ जाते. त्याहून मला आवडते ती आंब्याच्या झडलेल्या मोहोराची काडी. फाल्गुन-चैत्रात आंब्याखाली अशा काड्यांचा खच पडलेला असतो, त्या चांगल्या ताठ असतात आणि त्यांना ग्लिसरीनची गरजच नसते. तुळशीच्या वाळक्या मंजिऱ्यांवर बारीक हिरवी भुकटी चिकटवली, की सोसायट्यांच्या भिंतीलगत रांगेने उभे असणारे उंच अशोक हुबेहूब दिसतात. दहा सेंटिमीटरची मंजिरी तुमच्या प्रमाणात सुमारे पावणेनऊ मीटरचे झाड होते. घरात कोणाला तुळस या कामी वापरणे रुचणार नसेल, तर आधी विचारून घ्यावे हे बरे.

एक गोष्ट मात्र कृपया पाळावी. ठाण्यालगतचे येऊरचे जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. तेथून वाळकी काडीसुद्धा उचलून आणू नये. खाडीकाठच्या खारफुटीलाही कायद्याचे संरक्षण आहे.

आणलेल्या काड्या वापरण्यापूर्वी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवल्यास आतील किडे आणि अळ्या मरतात. पिशवी बाहेर काढल्यावर लगेच उघडू नये, अन्यथा काड्यांवर दव धरते आणि बुरशीला आमंत्रण मिळते.

प्रतिसाद : तार_आणि_पाना

वरील दोन्ही प्रतिसाद उपयुक्त आहेत, परंतु वर्षावृक्षाच्या बाबतीत माझे मत वेगळे आहे. वीस मीटर उंचीचा वर्षावृक्ष १:८७ मध्ये सुमारे तेवीस सेंटिमीटर होतो आणि त्याचा पसारा उंचीपेक्षाही मोठा असतो. इतकी आडवी छत्री कोणत्याही वाळक्या काडीतून मिळत नाही. मिळाली तरी ती स्वतःचा भार पेलत नाही. खोड आणि मुख्य फांद्या विजेच्या वायरमधील तांब्याच्या तारा पिळून कराव्यात, सालीसाठी त्यांवर फेव्हिकॉल आणि लाकडाचा बारीक भुसा यांचा लेप द्यावा, आणि वनस्पती केवळ टोकांना लावावी. वनस्पतीचे खरे काम शेवटच्या दोन-तीन सेंटिमीटरमध्ये आहे, कारण तारेला तेवढा बारीकपणा कधीच येत नाही.

पानांचा आकार हा बहुतेक देखाव्यांत चुकणारा भाग. वर्षावृक्षाची पर्णिका (संयुक्त पानातील एक छोटे पान) तीन-चार सेंटिमीटरची, म्हणजे तुमच्या प्रमाणात अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर. तिच्यासाठी चहाच्या गाळणीतून चाळलेली रंगीत भुकटीच हवी. सागाचे पान चाळीस सेंटिमीटरचे धरले तर ते साडेचार मिलिमीटरचे होते, तेथे तीच भुकटी वापरली तर साग ओळखूच येणार नाही. वाळक्या पिंपळपानाचे किंवा रंगवलेल्या पातळ कागदाचे तुकडे कापून ते एकेक करून चिमट्याने लावावे लागतात. काम चिकाटीचे आहे, म्हणून असे सागाचे झाड पुढच्या बाजूला एखादेच ठेवावे. तुमचा देखावा श्रावणातला असल्यामुळे सागाच्या शेंड्यांवर मळकट पांढऱ्या भुकटीची किंचित चिमूट टाकावी. त्या दिवसांत साग फुललेला असतो.

प्रतिसाद : कळवेकर

तिघांचेही आभार. धुऊन टांगलेल्या फांद्या सध्या वाळत आहेत. भुकटी चिकटवण्यासाठी पाणी घातलेला फेव्हिकॉल वापरला, तर त्या पाण्याने बारीक काड्या पुन्हा मऊ पडून वाकतील का?

प्रतिसाद : नेरूळचा मॉडेलवाला

प्रायमर सगळीकडे नीट बसला असेल तर वाकणार नाहीत. तरीही शंका असल्यास केसांचा स्प्रे मारून लगेच भुकटी भुरभुरावी आणि शेवटी मॅट वॉर्निशचा एक फवारा द्यावा. देखाव्यावर काचेचे झाकण असेल, तर कोपऱ्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि पावसाळ्यात त्या अधूनमधून बदलत राहाव्यात.