मदत हवी आहे: १२ इंची सबवूफरच्या (खर्जाच्या स्पीकरच्या) बॉक्सची वरची फळी थरथरते, ब्रेस (आतून आधाराची पट्टी) कुठे मारू?

म्हापशेकार:
सेडानच्या डिकीत १२ इंची सबवूफर आहे, पोर्टेड (हवेसाठी नळी असलेल्या) बॉक्समध्ये. मोनो अॅम्प ३०० वॅट आरएमएस (सलग मिळणारी ताकद), लो-पास ८० हर्ट्झवर, म्हणजे त्यावरचे सूर अडवलेले. उलटतपासणी टळावी म्हणून सगळी मापं इथेच देतो. बॉक्स बाहेरून ६४ × ३८ × ३४ सेमी (रुंदी, उंची, खोली), साधा १८ मिमी एमडीएफ, सांधे फेविकॉल आणि स्क्रूचे. आत एकही आधार नाही. पोर्ट म्हणजे प्लंबिंगचा ४ इंची पीव्हीसी पाइप, आतून १०४ मिमी, लांबी २७ सेमी. तो पुढच्याच फळीत, खालच्या उजव्या कोपऱ्यात आहे. हिशेबाने ट्यूनिंग, म्हणजे पोर्टमधली हवा ज्या फ्रिक्वेन्सीला घुमते ती, ३६ हर्ट्झ येतं.

५० हर्ट्झच्या आसपास वरून फडफड ऐकू येते आणि फळीवर तळवा ठेवला की थरथर जाणवते. पावसाळ्यात मागचा खालचा कोपरा फुगला, तिथली कडा १८ची २० मिमी झाली आहे. ब्रेस मारायचा तर आडवा की उभा, आणि किती? बॉक्सचा लिटरेज घटून ट्यूनिंग बिघडेल का? बॉक्स न मोडता, सबवूफरच्या भोकातून हात घालून हे काम होईल का?

रंधा:
ब्रेस नंतर, आधी फडफड नक्की कुठली ते शोधा. या मापाची १८ मिमी एमडीएफ फळी कडांनी घट्ट धरलेली असेल तर तिची स्वतःची घुमण्याची फ्रिक्वेन्सी साधारण २०० हर्ट्झच्या वर असते. ५० हर्ट्झला ती थोडी वाकेल, फडफडणार नाही. फडफड आली म्हणजे कुठेतरी सांधा सुटला आहे, नाहीतर आवाज बॉक्सचा नसून गाडीचा आहे.

बॉक्स डिकीतून बाहेर काढा, जमिनीवर ठेवा आणि २० ते ८० हर्ट्झचा टोन मध्यम आवाजात हळूहळू चढवत न्या. आवाज गेला तर नंबर प्लेट, पार्सल ट्रे आणि डिकीचं झाकण तपासा. बॉक्सला हात लावायची गरज नाही. आवाज तसाच राहिला तर पोर्टमध्ये जुना टॉवेल घट्ट कोंबा, पंखा बंद करा आणि पेटती अगरबत्ती सांध्यांवरून फिरवा. धूर जिथे थरकतो तिथे गळती. टर्मिनल कप (वायर जोडायची वाटी) आणि सबवूफरची रिंग विसरू नका, निम्म्या गळत्या तिथेच सापडतात.

मला संशय त्या फुगलेल्या कोपऱ्याचा. एमडीएफची कडा फुगली की स्क्रूचे आटे धरणं सोडतात, आणि बोर्ड वाळला तरी ती पकड परत येत नाही. अशा कोपऱ्यावर फेविकॉल ओतून काही होणार नाही.

खर्ज:
रंधा यांच्याशी सहमत, पण ब्रेस तरीही हवाच. घुमटाचं (गोव्यातल्या मातीच्या वाद्याचं) कातडं थरथरलं पाहिजे, बॉक्सची फळी नाही.

दिशेचं उत्तर बहुतेक जण उलटं देतात. तुमची वरची फळी आतून ६०.४ × ३०.४ सेमी. मधोमध पुढून मागे रीप (लाकडी पट्टी) मारली तर साधारण ३०-३० चे दोन चौकोन होतात आणि फळीचं वाकणं जेमतेम अडीचपट कमी होतं. तीच रीप लांबीच्या बाजूने, डावीकडून उजवीकडे मारली तर ६० × १५ च्या दोन पट्ट्या होतात आणि वाकणं दहापटीहून कमी होतं. कारण फळी किती वाकणार हे मुख्यतः तिचा आखूड गाळा ठरवतो, आणि तेही अंतराच्या चौथ्या घाताने. हे सगळं अर्थात रीप स्वतः ताठ असेल तरच. म्हणून १८ × ५० मिमीची पट्टी कडेवर उभी करून चिकटवा. झोपवून लावली तर ताठपणा आठव्या हिश्श्यावर येतो. रीप बरोबर मध्यावर न लावता दोन-तीन सेमी सरकवा, म्हणजे दोन्ही पट्ट्या एकाच सुरात बोलणार नाहीत.

वर एक, खाली एक, मागे एक, अशा तीन रिपा. वरच्या-खालच्या रिपांच्या मध्ये २५ मिमीचे दोन गोल लाकडी दांडे उभे द्या. जागा मात्र मॅग्नेटची फेरी सोडून. मॅग्नेटच्या मागे व्हेंट (हवेचं भोक) असेल तर त्याच्यासमोर ५ सेमी मोकळं राहू द्या. दांडा ठोकून बसवू नका. जास्त लांब दांडा वरची फळी उचलतो आणि चांगला सांधा उघडतो. हाताने सरकेल असा कापा, दोन्ही टोकांना इपॉक्सी लावा आणि बाहेरून एकेक स्क्रू द्या.

लिटरेज: आतून ६३ लिटर, त्यातून सबवूफर आणि पाइप मिळून सहा वजा, म्हणजे ५७. तीन रिपा आणि दोन दांडे मिळून दोन लिटरही खात नाहीत. ट्यूनिंग ३६ वरून ३६.६ वर जाईल. कानाला कळणार नाही.

खरी चूक पोर्टात आहे. आतली खोली ३०.४ सेमी आणि पाइप आत २५ सेमी आलाय. मागच्या फळीपर्यंत ५ सेमीच उरले, निदान पाइपाच्या व्यासाइतके, म्हणजे १० हवेत. आता हवा घशात अडते, फुसफुस करते, आणि प्रत्यक्ष ट्यूनिंग हिशेबापेक्षा खाली उतरतं. त्यात मागची रीप नेमकी त्या तोंडासमोर आली तर बघायलाच नको! पोर्ट खालच्या कोपऱ्यात आहे तर ४५ अंशाचे दोन बेंड घेऊन पाइप वर वळवा. २७ सेमी लांबी वळणाच्या मध्यरेषेवरून मोजायची. वरच्या रिपेचं टोक पाइपाच्या तोंडावर येऊ देऊ नका.

म्हापशेकार:
बॉक्स बाहेर काढून टोन लावला, आवाज तसाच. अगरबत्तीचा धूर मागच्या खालच्या सांध्यावर जवळपास १२ सेमीभर थरकतो. कोपरा कापून जोडू की नवीन बॉक्स करू? आणि भोक २८ सेमीचं, त्यातून ५९ सेमीची रीप आत कशी जाणार?

खर्ज:
रीप दोन तुकड्यांत घाला, जोड येईल तिथेच उभा दांडा द्या. पण १२ सेमी सांधा गेला असेल तर त्या बॉक्सवर मेहनत वाया जाईल.

रंधा:
नवीनच करा, पात्रांव (मालक). आपल्याकडच्या हवेत डिकीसाठी साधा एमडीएफ नकोच. आयएस ७१० शिक्क्याचा १८ मिमी मरीन प्लाय घ्या, तो नाही जमला तर एचडीएचएमआर (ओल सोसणारा दाट फायबर बोर्ड). प्लाय घेताना कापलेली कड बघा, थरांमध्ये पोकळी दिसली तर ती शीट परत. त्या पोकळीतूनच पुढे गुणगुण सुरू होते. स्वस्त कमर्शियल प्लायपेक्षा मग एमडीएफ परवडला.

पुढची फळी डबल करा, ३६ मिमी. २८ सेमीचं भोक पडल्यावर तीच सगळ्यात कमजोर राहते. आतला लिटरेज टिकवायला बाहेरची खोली ३४ची ३६ करा. हे सगळं अर्ध्या ८ × ४ शीटमध्ये कागदावर बसतं, करवतीखाली बसत नाही. पूर्ण शीट घ्या, रिपाही त्यातूनच निघतील.

सांध्यांना वॉटरप्रूफ ग्रेडचा फेविकॉल, आतल्या कोपऱ्यांत २५ × २५ मिमीची पट्टी, स्क्रू दर १२ सेमीवर आणि टोकापासून ५ सेमी आत. ४ मिमी स्क्रूला ३ मिमी ड्रिल आधी मारा, नाहीतर कड चिरते. क्लॅम्प रात्रभर. सबवूफर लाकडी स्क्रूवर न लावता टी-नट (फळीच्या मागून बसणारा दातेरी नट) आणि बोल्टवर लावा, खाली फोमची पट्टी.

आतल्या सांध्यांवर सिलिकॉन फिरवणार असाल तर व्हिनेगरसारखा वास येणारं नको, न्यूट्रल घ्या. वास येणाऱ्यातून अॅसिडची वाफ निघते आणि ती टर्मिनलला आणि कॉइलच्या तारांना बाधते. न्यूट्रल लावलं तरी दोन दिवस बॉक्स उघडा ठेवून मगच सबवूफर बसवा.

पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशचे दोन हात आतूनसुद्धा द्या. पोर्टेड बॉक्स बाहेरची दमट हवा आत ओढतच असतो. कापलेल्या कडांना तिसरा हात. तळाला कार्पेट लावू नका, ते पाणी धरून ठेवतं. चार रबरी पाय लावा.

दर्याकाठ:
एक राहिलं. नवीन बॉक्स ठेवण्याआधी पाणी कुठून येतंय ते पाहा, नाहीतर मरीन प्लायही किती दिवस सोसेल? डिकीचं रबर बीडिंग, टेल लॅम्पची गॅस्केट आणि स्पेअर चाकाच्या खळग्यातले रबरी बूच, या तीन जागा. बाहेरून पाइपने पाणी मारा आणि एकाला टॉर्च घेऊन आत बसवा. वायर टिनचा मुलामा असलेली घ्या, समुद्राच्या हवेत उघडं तांबं हिरवं पडतं.

आणि पोर्टेड बॉक्सवर अॅम्पचा सबसॉनिक फिल्टर (फार खालचे सूर अडवणारा) ३० हर्ट्झला लावा. ट्यूनिंगच्या खाली कोनला हवेचा आधार उरत नाही, तो मोकळा धावतो आणि ठोकतो.

म्हापशेकार:
पाणी डाव्या टेल लॅम्पमधून येतंय, गॅस्केट दबून चपटी झाली आहे. शीट सांगितली. बॉक्स गाडीला बांधायचा कसा? नुसता ठेवला तर चालेल का?

दर्याकाठ:
बॉक्स आणि सबवूफर मिळून २५ किलो होतील. चोर्ला घाटात जोरात ब्रेक लागला की ते थेट मागच्या सीटवर येतील. दोन एल-ब्रॅकेट, ८ मिमी बोल्ट आणि मोठे वॉशर वापरा. बोल्ट डिकीतल्या आधीच असलेल्या हुकांच्या भोकांत बसवा. नवीन भोक पाडायचंच असेल तर आधी गाडीखाली जाऊन बघा. बहुतेक सेडानमध्ये पेट्रोलची टाकी मागच्या सीटखाली असते आणि तिचे पाइप तिथूनच जातात.