मदत हवी आहे: ज्येष्ठांच्या घरपोच शुश्रूषेचा करार कसा लिहावा?

नमस्कार. सोलापूरच्या पूर्व भागातल्या आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात अंथरुणाला खिळलेले 11 जण आहेत, बहुतेक जुने यंत्रमाग आणि विडी कामगार. लघवीची नळी बदलायची तरी रिक्षात आडवं घालून न्यावं लागतं. परवा हादऱ्यांनी एका आजींची पाठीवरची जखम पुन्हा उघडली, साडी ओली झाली होती. बघवत नव्हतं.

आयुष्मान कार्डावर 70 वर्षांपुढच्यांना 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण दवाखान्यात भरती झाल्यावर. घरच्या रोजच्या ड्रेसिंगला नाही. खासगी नर्सिंग ब्यूरोची नर्स परवडत नाही. आशाताई चौकशी करून जातात, पण नळी बदलणं त्यांचं काम नव्हे.

आता एक नर्सिंग कॉलेज आणि एक फॅमिली डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायला तयार आहेत. विद्यार्थिनींसोबत शिक्षिका असतील, साहित्याचा खर्च संघ करेल, रुग्णांशी तेलुगूत बोलणारं माणूस आम्ही सोबत देऊ. अडलंय ते लेखी करारावर. नळी बदलताना रक्त आलं किंवा नंतर ताप भरला तर जबाबदारी कुणाची: डॉक्टरांची, कॉलेजची की संघाची? असा करार कुणी केला असेल तर हे कलम कसं लिहिलंत, आणि घरच्यांची संमती एकदाच घेता की दर भेटीला?