अनुभव धागा: रजिस्टरात नाव आहे, पुढे?

मासुंदाकाठ (धागाकर्ता):
आम्ही ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-ठाण्याकडचे मूळचे कॅथलिक, पिढ्यानपिढ्या ठाण्याचे. चर्चच्या रजिस्टरात नाव आहे, पण आम्ही नावापुरतेच ख्रिस्ती की काय, हा प्रश्न पडलाय. महिन्याचा असताना बाप्तिस्मा, शाळेत कम्युनियन, पुढे कन्फर्मेशन, सगळे विधी झाले. लग्नात बँड लावून उंबराचं पाणीसुद्धा (आमचा विहिरीवरून पाणी आणायचा विधी) आणलं. यंदा राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो त्या दिवशी, कपाळावर राख घेऊन वागळे इस्टेटला कामावर गेलो. शेजारच्या टेबलावरच्याने विचारलं, "हे चाळीस दिवस नेमके कशाचे?" मी म्हटलं, "मटण खायचं नसतं." तो म्हणाला, "म्हणजे श्रावणच की!" मी हो म्हणून चहाला निघून गेलो. एप्रिल 1321 मध्ये याच ठाण्यात फ्रान्सिस्कन या कॅथलिक संन्यासी संघाचे चार मिशनरी विश्वासापायी मारले गेले, आणि माझं उत्तर काय, तर मटण! (रविवार धरत नाहीत म्हणून चाळीस, एवढं तरी सांगायचं.) तुमचंही असं काही असेल तर लिहा. प्रवचन नको, घडलेलं लिहा.

नेरुळवाली:
मी नाताळच्या मध्यरात्रीची कॅथलिक. नवा ड्रेस, केक, फोटो. अपराधी वगैरे वाटत नाही. खरं तेच लिहिलं.

खाडीपलीकडे:
आम्ही मूळचे नगरकडचे, प्रोटेस्टंट. आता कोपरखैरणे. ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक, त्यांची भजनं मला पाठ, पेटीही वाजवते, म्हणून मंडळीत (आमच्या चर्चमध्ये) मान. पण घरी प्रार्थना? लाइट गेल्यावर, तीही वायरमन यावा म्हणून. टिळकांनी शेवटी, 1917 मध्ये, मिशन सोडलं आणि 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही चालत. हे कळलं तेव्हा आधी राग आला. मग आजोबांनी बाप्तिस्म्यासाठी काय काय सोसलं ते आठवलं. मी काय सोसलं? रविवारची झोपसुद्धा पेटीसाठी मोडते.

उत्तनची नात:
मला 'नावापुरते' हा शब्दच खटकतो. आमचा एक चुलतभाऊ प्रार्थनेच्या ग्रुपला जायला लागल्यापासून सगळ्या घराला नावापुरतं ठरवतो. माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. त्रैक्य (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव) म्हणजे काय विचारलं असतं तर म्हणाली असती, फादरला विचार. डोक्यावर पाटी घेऊन मासळी विकायची. जपमाळ कनवटीला, चिल्लरीसोबत, त्यामुळे मण्यांनाही बोंबलांचा वास. दिवसातला शेवटचा वाटा ती विकत नसे. गिऱ्हाईक दुप्पट देत असलं तरी "गेला तो" म्हणायची आणि परतताना एका विधवेच्या दारात ठेवून यायची. ती बाई ख्रिस्ती नव्हती. आजीचा विश्वास कोणत्या मापाने मोजायचा, ते त्या चुलतभावाने सांगावं.

दीड दिवसाचा गणपती:
मी ख्रिस्ती नाही, नुसती वाचते आहे. पण ते मटणाचं वाचून गप्प झाले.

माजिवडेकर:
वडिलोपार्जित जागेवरून मोठ्या भावाशी सात वर्षं कोर्टात. दर रविवारी मिस्सा (कॅथलिक उपासना) मात्र एकाच चर्चमध्ये, तो डावीकडे, मी उजवीकडे. मध्यंतरी बायबलमधल्या मत्तयच्या पाचव्या अध्यायातलं वाचन आलं: वेदीजवळ आपलं अर्पण ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर. शंभर वेळा ऐकलेलं. त्या दिवशी अर्पणाची थैली समोर आली आणि हातातली पन्नासची नोट सुटेना. थैली पुढे गेली. शेजारचा बघतच राहिला.

मिस्सात सगळे एकमेकांना शांती देतात, त्या वेळी डावीकडे वळून हात जोडले. भाऊ मोबाइल बघत होता. वहिनीने कोपर मारलं, तेव्हा त्याने वर पाहिलं. हात जोडले नाहीत, नुसती मान हलवली. बाहेर पार्किंगमध्ये त्याची स्कूटर सुरू होत नव्हती. मी किक मारून दिली. "प्लग बदल, दादा." "हं." सात वर्षांत एवढंच बोलणं.

केस चालूच आहे, पुढच्या महिन्यात तारीख आहे. त्याला विचारलंय, कोर्टात माझ्या गाडीवर येतोस का. अजून उत्तर नाही.